फुप्फुसांचा पहारा आणि पाटीवरची पेन्सिल

मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानातला, त्यामुळे व्याख्यानानंतर औषध विचारू नका! पण ‘शरीर स्वतःचं रक्षण कसं करतं’ हा विषय मिळाला आणि मला लहानपणची पाटीवरची पेन्सिल आठवली. तिच्याकडे येतोच.

आपण दिवसाला साधारण 10,000 लिटर हवा आत घेतो. धूळ त्यात असणारच. पहिला पहारा नाकाचा. साधारण 10 मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक तिथेच अडकतात. आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड, म्हणजे कण किती बारीक ते बघा.

दुसरा पहारा श्वासनलिकांचा. आतून चिकट थर असतो, त्याखाली सूक्ष्म केसांसारखे तंतू. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि चिकटलेली धूळ घशाकडे ढकलत राहतात. आपण ती नकळत गिळतो किंवा खोकून टाकतो. सरकत्या जिन्यासारखंच म्हणा ना! सिगारेटचा धूर हाच जिना मंद करतो.

पण तळाशी कोट्यवधी वायुकोश आहेत, तिथे हे काही नाही. प्राणवायू रक्तात जायचा तर भिंत अतिशय पातळ हवी. चिकट थर तिथे परवडत नाही. म्हणून तिसरा पहारा भक्षक पेशींचा. आलेला जंतू, काजळीचा कण त्या गिळतात.

आता अडचण इथे आहे. दगडातल्या सिलिकाचा बारीक कणही ही पेशी इमानदारीनं गिळते. तो पचत नाही. उलट पेशीच मरते, कण मोकळा होतो, त्याला दुसरी गिळते, तीही मरते. या झटापटीत फुप्फुसात व्रण साठत जातात, ते कडक होतं. हाच सिलिकोसिस. काम सोडलं तरी तो वाढू शकतो, क्षयाचा धोका वाढतो, आणि तो पूर्ण बरा करणारं औषध नाही.

मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीच्या पेन्सिली बनत. दगड विजेच्या करवतीनं कापायचा, धूळ कापणाऱ्याच्या छातीत. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस आढळला. आपण त्या पेन्सिलीनं मुळाक्षरं गिरवली, मित्रहो!

अशा वेळी आपण सहज म्हणतो, ‘त्याची प्रतिकारशक्तीच कमी असेल.’ हे चूक आहे. त्याची पेशी आपलं कर्तव्य करतच होती; त्या करण्यातूनच रोग झाला. ‘तोंडाला रुमाल बांध’ हेही पुरेसं नाही. रुमाल जी जाड धूळ अडवतो, ती बरीचशी नाकानंही अडवली असती. घातक बारीक कण आरपार जातात.

म्हणजे शेवटचा पहारा शरीराबाहेरच हवा: दगडावर पाणी, करवतीपाशी धूळ ओढून घेणारा पंखा, योग्य मास्क, छातीची नियमित तपासणी. आणि तो उभा करणं कामगाराच्या नव्हे, काम करवून घेणाऱ्याच्या माथी आहे. विकत घेणारे आपणही त्यात आलो.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.