त्वचेची जळजळ आणि मज्जातंतू

त्वचेवर डाग नाही, पुरळ नाही. तरीही सदऱ्याचा स्पर्श सोसवत नाही, रात्री तळपाय जळतात, अशी तक्रार घेऊन अनेक रुग्ण आमच्याकडे येतात. तोवर मलमांवर बराच पैसा खर्च झालेला असतो. वस्तुतः स्पर्श, उष्णता व वेदना यांची जाणीव त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतू मेंदूस पोहोचवितात. ते बिघडले की निरोगी दिसणारी त्वचाही दुखू लागते. मधुमेह व बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही त्याची नेहमीची कारणे होत. नागीण बरी झाल्यावरही कित्येकांना महिनोन्महिने होणारी आग याच प्रकारची.

याउलट, बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. १८७३ मध्ये हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने तो बरा होतो आणि शासकीय आरोग्य केंद्रांत औषधे विनामूल्य मिळतात. मात्र विलंबाने झालेली मज्जातंतूंची हानी भरून येईलच असे नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात उसाच्या फडात राबणाऱ्यांच्या बधिर पायास काटा रुतला तरी कळत नाही; जखम चिघळते, प्रसंगी पाय गमवावा लागतो. म्हणून जळजळ वा बधिरता जाणवताच रक्तातील साखर तपासून घ्यावी, पाय रोज न्याहाळावेत व तज्ज्ञांना दाखवावे. तपासणीचा खर्च अल्प असतो. विलंबाची किंमत मात्र जन्मभर मोजावी लागते.