सुतळीच्या फेरात

संपादकांनी सांगितलं, "मुलांना निसर्ग शिकवणारी एखादी जागा बघून लिहा." मी कर्नाळ्याचं नाव काढलं, फणसाडचं काढलं. ते म्हणाले, "एवढ्या लांब कशाला? धारावीला जा."

शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावी बस डेपोच्या समोर महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं फाटक आहे. या रस्त्याने मी किती वर्षं जात-येत होतो, पण बसमधून कधी उतरलो नव्हतो. आषाढातली सकाळ होती. पाऊस नुकताच थांबला होता आणि झाडांवरून अजून गळत होतं. पलीकडे मिठी नदी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून अख्ख्या शहराची घाण पोटात घेत ती इथवर येते आणि पुढे माहीमच्या खाडीला मिळते.

इतिहास थोडक्यात सांगतो. 1977 पर्यंत इथे मुंबईचा कचरा पडत असे. इथे झाडं लावून मुलांना निसर्ग शिकवायची जागा करावी, ही कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाची. एमएमआरडीएने ती उचलली. 22 एप्रिल 1994 रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी उघडलं. जागा सुमारे 37 एकर. फलकावर एवढं वाचून मी पुढे निघालो, कारण पायवाटेवर महापालिकेच्या शाळेतली सहावीची मुलं रांगेने चालली होती आणि रांगेच्या टोकाला एक ताई हातात सुतळीचं बंडल घेऊन उभी होती.

ताई इथे मुलांना फिरवते. तिशीतली असेल. पायात गमबूट, गळ्यात भिंग, खांद्यावरच्या कापडी पिशवीत एक मऊ कुंचला. तिने प्रत्येक जोडीला सुतळीचा एक तुकडा दिला, दोन्ही टोकं एकमेकांना बांधलेला. "हा फेर जमिनीवर टाका. पंधरा मिनिटं फेराच्या बाहेर बघायचं नाही. आत जे जे आहे ते वहीत लिहा. नाव माहीत नसलं तर चित्र काढा."

मुलं आधी हिरमुसली. त्यांना साप बघायचा होता, निदान माकड तरी. एका मुलाने दोन मिनिटांत हात वर केला, "ताई, आमच्यात काहीच नाही. नुसता पाला आहे."

"पाला कितवा आहे ते बघ," ताई म्हणाली.

त्याला समजलं नाही. मलाही नाही. ताई उकिडवी बसली आणि कुंचल्याने वरची पानं बाजूला सारली. ती सुकी, अख्खी होती. खालची ओली, काळपट आणि भोकं पडलेली. त्याखाली पानांच्या नुसत्या शिरांची जाळी, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी एकमेकींना चिकटलेली. आणखी खाली पान संपलं होतं, माती सुरू झाली होती, आणि तिच्यावर गांडुळांनी टाकलेल्या बारीक गोळ्यांचे छोटे ढीग होते. मुलगा पालथा पडून बघू लागला. गणवेशाचं त्याला भान उरलं नाही. मी त्याच्या शेजारी बसलो, तो बराच वेळ उठलोच नाही.

शेजारच्या फेरात किंकाळी उठली. वाणी नावाचा किडा निघाला होता, करंगळीएवढा, तांबूस काळा. मुलीने काडी लावताच त्याने स्वतःची गुंडाळी केली. "पैसा झाला!" ती ओरडली. मग तिला तो तळहातावर हवा होता. ताईने त्याला पानावर घेतलं. "हाताने नको. घाबरला की अंगातून रस सोडतो, त्वचेवर डाग पडतो. तोच हात डोळ्याला लागला तर चुरचुरेल." आणि लगेच पुढे, "हा चावत नाही हं. पाला खातो. हा नसता तर आपण गुडघाभर पाल्यात उभे असतो." ताईने मुलीच्या मनातली भीती काढली, पण सावधपणा तसाच राहू दिला. हे कसब पुस्तकातून येत नाही.

तिसऱ्या फेरात हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला. चौथ्यात स्लीपरचा तळवा. जमीन इतक्या वर्षांनीही जुना ऐवज वर ढकलते.

"ताई, हा कचरा कोणी टाकला?"

"आपण सगळ्यांनी. तुझ्या आजोबांनी, माझ्या बाबांनी. तू आत्ता त्यावरच बसला आहेस."

मग तिने मुलांना समजेल असं सांगितलं. कचरा आत कुजतो तेव्हा वायू निघतो. तो मातीतली हवा हुसकावून लावतो आणि झाडांची मुळं गुदमरतात. म्हणून असल्या जागेवर आधी चांगल्या मातीचा थर घालावा लागतो. झाडं तगली की पान गळतं, आणि ते कोणी झाडून नेलं नाही, जाळलं नाही, तर बुरशी, वाणी, गांडुळं मिळून त्याची माती करतात. "तुमच्या फेरात वरून खालपर्यंत जे दिसलं ना, त्यानेच हे रान उभं केलंय." मुलं गप्प झाली. बांगडी सापडलेल्या मुलीने तुकडा गणवेशाला पुसला आणि वहीच्या पानात ठेवला.

बरोबर आलेल्या बाईंच्या हातात एक जाड फाइल होती. तिच्यात परवानगीपत्रं, पालकांची संमतिपत्रं, मुलांची यादी. मुलं 52, बाई दोघी. शाळा चालत पंधरा मिनिटांवर, पण मध्ये तो जोडरस्ता. म्हणून बस, म्हणून भाडं. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून मुलांना कुठेही न्यायचं म्हटलं की शिक्षकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यांना दोष देववत नाही. "एका मुलाला खरचटलं तरी उत्तर मला द्यायचंय," बाई म्हणाल्या. तरीही त्या आल्या होत्या.

पर्यावरणशिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितलं, 2003 मध्ये पुन्हा बजावलं. विषय आला, पुस्तक आलं, प्रकल्पवही आली. वहीत दुकानातून आणलेली चित्रं चिकटवली जातात आणि त्यांना गुण मिळतात. पालथं पडून पाला बघायला वेळापत्रकात तास नाही. इथे गट दोन तासांसाठी येतो. त्यातला अर्धा वेळ रांगा, डबे, स्वच्छतागृह आणि फोटो यांत जातो. ताईच्या फेराला पंधरा मिनिटं मिळतात. हाच फेर त्याच मुलांनी त्याच जागी दिवाळीनंतर टाकायला हवा, मग चैत्रात, पाला पायाखाली चुरचुरतो आणि वाणी दिसेनासा होतो तेव्हा. एका भेटीत त्यांना वाणी भेटतो. पाल्याची माती होताना दिसायला वर्ष लागतं.

जमिनीचीही काळजी आहेच. धारावी पुनर्विकासाच्या वादात उद्यानाचा प्रश्न 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला. उद्यान प्रकल्पात घेणार नाही, असं तिथे सरकारतर्फे सांगण्यात आलं. हे सांगण्याची वेळ आली, यानेच माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही.

बसचा हॉर्न वाजला. ताई सुतळ्या गोळा करत होती. "नुसता पाला आहे" म्हणणाऱ्या मुलाने आपली सुतळी दिली नव्हती. ती त्याने जमिनीवर तशीच ठेवली होती, चारही बाजूंना खडे लावून.

"बाई, परत कधी यायचं?"

बाईंनी फाइल बगलेत धरली. "पुढच्या वर्षी पाचवीचा नंबर आहे रे."

तो रांगेत जाऊन उभा राहिला. ताईने सुतळी उचलली नाही.