घरात आहे तेच तारण

दसऱ्याच्या मागेपुढे बुलढाणा जिल्ह्यात घाटावर सोयाबीन निघते आणि चिखली, मेहकरच्या बाजार समित्यांसमोर वाहनांच्या रांगा लागतात. भाव पडतो तोही नेमका याच दिवसांत. मळणीची मजुरी, कृषी केंद्राची उधारी आणि तोंडावर आलेली दिवाळी, सगळ्यांना एकाच वेळी पैसे हवे असतात. अशा वेळी शेतकऱ्याला पैशांची गरज असते, माल विकण्याची नव्हे. हा फरक ओळखून बुलडाणा अर्बन को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटीने आपल्या व्यवहाराचा मोठा भाग उभा केला.

राधेश्याम चांडक यांनी 1986 मध्ये 72 सभासद आणि 12 हजार रुपयांच्या भांडवलावर ही पतसंस्था सुरू केली. जिल्हा त्यांना भाईजी म्हणतो. आज तिच्या चारशेहून अधिक शाखा आहेत आणि कारभार महाराष्ट्राबाहेरही गेला आहे. एवढ्या वाढीमागची कल्पना मात्र साधी आहे: विदर्भातल्या घरात जे खरोखर असते, त्यावर कर्ज द्यायचे. सातबारा अनेकदा सामाईक असतो, दुकान भाड्याचे असते, आयकराचे विवरण नसते. पण चार पोती धान्य असते, बायकोच्या अंगावर थोडे सोने असते आणि दुकानाचा रोजचा गल्ला असतो.

धान्याचे उदाहरण घेऊ. गोदामात आलेली गाडी आधी काट्यावर चढते. पोत्यात परखी खुपसून नमुना काढतात, यंत्रावर ओलावा पाहतात. सोयाबीन 12 टक्क्यांहून ओले असेल तर साठवणीत तापते आणि बुरशी धरते. मग खाली फळ्या टाकून, भिंतीपासून अंतर सोडून थप्पी लावतात. हातात येणारी गोदामाची पावती हेच तारण.

समजा, 20 क्विंटल सोयाबीन आहे आणि भाव 4,000 रुपये. माल 80,000 रुपयांचा झाला. त्यावर 70 टक्के कर्ज धरले तर 56,000 रुपये हाती येतात आणि दिवाळी निभावते. चार महिन्यांनी भाव 4,600 झाला तर 12,000 रुपये जास्त मिळतील. वर्षाला 12 टक्के दराने चार महिन्यांचे व्याज 2,240 रुपये होते; ते आणि गोदामभाडे वजा करूनही गाठीला काही उरते. भाव पडला तर मात्र नुकसान शेतकऱ्याचेच. उरलेले 30 टक्के राखून ठेवायचे ते संस्थेचे कर्ज सुरक्षित राहावे म्हणून. राज्याच्या कृषी पणन मंडळानेही 1990-91 पासून बाजार समित्यांमार्फत हीच वाट खुली केली आहे. पण गोदाम जवळ असेल आणि कर्ज त्याच दिवशी मिळत असेल, तरच शेतकरी तिकडे वळतो.

अशा पर्यायांचे मोल 2012 मध्ये जिल्ह्याला नीट कळले. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला नव्या ठेवी घेण्यास मनाई केली. पीककर्जाची जुनी वाट अरुंद झाली, की सावकाराचा ओटा जवळचा वाटू लागतो.

छोट्या दुकानदाराचे तारण म्हणजे त्याची रोजची शिस्त. रोजच्या बचतीची पिग्मी पद्धत 1928 मध्ये, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेने किनारी कर्नाटकात सुरू केली. पुढे ती पतसंस्थांच्या हाडीमाशी खिळली. चहाच्या टपरीवर, भाजीच्या गाडीवर एजंट रोज येतो, पन्नास-शंभर रुपये घेतो आणि पावती देतो. कुणाचा धंदा चालतो, कुणाचा मंदावला, हे त्याला ताळेबंदाशिवाय कळते. वर्षभर न चुकता पिग्मी भरणाऱ्याला कर्ज देताना संस्थेला त्याची बरीच माहिती आधीच झालेली असते.

ज्यांच्याकडे सोनेही नाही आणि गल्लाही नाही, त्यांच्यासाठी बचत गट आहे. नाबार्डने 1992 मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि राज्याचे ‘उमेद’ अभियान यांनी तो गावोगाव नेला. गटात दहा ते वीस बायका असतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब, ही त्यांची पंचसूत्री. पापडाला, शिलाई मशीनला, शेळीला लागणारे पैसे आधी गटातूनच मिळतात. इथे तारण म्हणजे शेजारणींचा शब्द. हप्ता चुकला तर का चुकला, काय झाले, हे विचारणारी माणसे ओळखीचीच असतात.

याच गटाच्या नावाने आठवड्याच्या हप्त्यावर कर्ज वाटणाऱ्या खासगी कंपन्याही गावात येतात. एका बाईच्या नावावर तीन-चार कर्जे झाली, की पहिल्याचा हप्ता दुसऱ्यातून भरला जातो आणि शेजारणींचा आधार दडपण होतो. म्हणून नवे कर्ज घेण्यापूर्वी जुने किती आहे, हे गटातच उघड बोलले पाहिजे.

ठेवीदारानेही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. पतसंस्थेत सभासद हाच मालक असतो, म्हणून वार्षिक सभेला जाणे, थकबाकी विचारणे, लेखापरीक्षणाचा वर्ग पाहणे हे त्याचे कामच आहे.

बुलढाण्याने दाखवून दिले आहे की गरिबाकडे तारण नसते, हा समज चुकीचा आहे. त्याच्याकडे जे असते ते मोजायची तयारी मोठ्या बँकांकडे कमी पडते. ती तयारी गावातल्या संस्थेने दाखवली आणि सभासदांनी तिच्यावर डोळा ठेवला, तर छोट्या धंद्याला पैसा गावातूनच मिळू शकतो.