गोळा हातात येण्याआधी

लिनक्सच्या कर्नलमध्ये पुन्हा भोक सापडले, अपडेट लगेच घ्या, ही बातमी आता अधूनमधून येतच असते. बातमीत हॅकर ठळक असतो. चूक नेमकी काय होती, ते शेवटी 'रेस कंडिशन' या दोन शब्दांत उरकलेले. खरी गंमत तिथेच आहे आणि कमलनगरकरांना ती चटकन कळेल.

भालकी आणि उदगीरच्या मधले कमलनगर स्टेशन वर्षानुवर्षे एकेरी मार्गावरचे. एकेरी रुळाचा जुना नियम असा, की टोकनचा गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हरने पुढच्या टप्प्यात गाडी घालायची नाही. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो. कर्नलमधल्या गोळ्याला लॉक म्हणतात. एकाच कनेक्शनची नोंद दोन प्रोसेसर एकदम हाताळायला आले, तर लॉक ज्याच्याकडे त्याने काम करायचे, दुसऱ्याने थांबायचे.

आता 2021 सालचे प्रकरण बघा. आभासी मशीन आणि तिला पोसणारा संगणक यांच्यातल्या संवादासाठी लिनक्समध्ये 'व्हीसॉक' आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये त्यात एकाहून अधिक वाहतूक-मार्गांची सोय झाली आणि त्याच वेळी चूक शिरली. अलेक्झांडर पोपोव या रशियन संशोधकाने ती पकडली. लॉक घ्यायला कुणी विसरले नव्हते; पण मार्ग कोणता, हे लॉक मिळण्याआधीच वाचून ठेवले जात होते. गोळ्याची वाट बघणाऱ्या ड्रायव्हरने रुळाचा नंबर चिठ्ठीवर टिपून घेतला आणि तेवढ्यात गोळा ज्याच्याकडे होता त्याने तो रूळच उखडला, असे समजा. मग गोळा मिळाला आणि गाडी चिठ्ठी बघून निघाली; हीच ती रेस कंडिशन. परिणामी, सोडून दिलेल्या मेमरीत चार बाइट लिहिले गेले. तेवढ्या चार बाइटांच्या बळावर पोपोवने फेडोरा 33 वर साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे संपूर्ण यंत्रावरचे, अधिकार मिळवून दिले.

आणि मग दुरुस्तीही त्यानेच पाठवली. भोक दाखवून टाळ्या घेणारे पुष्कळ, बुजवायला बसणारे थोडे. म्हणून मला हा माणूस आवडतो. व्हीसॉकमध्ये याच धर्तीच्या एकूण पाच चुका होत्या. उपाय एवढाच, की मार्ग वाचणारी ओळ लॉकच्या ओळीखाली न्यायची.

आपल्या कॉलेजांत लॉक कसा घ्यायचा ते शिकवतात. वाट बघण्याआधी जे पाहिले, ते लॉक मिळाल्यावर पुन्हा पाहायला मात्र शिकवत नाहीत. हजारदा चालवूनही न दिसणारी चूक तिथेच लपते. पुढच्या वेळी अपडेटचा कंटाळा आला, तर एवढे आठवा : त्यात कधी कधी एक ओळ दोन ओळी खाली सरकलेली असते, बस्स.