कळ दाबली, पण अक्षर कुठे आहे?

संगणकाच्या कळफलकावरची 'के' ही कळ दाबा. पडद्यावर लगेच इंग्रजी 'के' उमटतो. आता मराठी लेखनाची इन्स्क्रिप्ट पद्धत सुरू करून तीच कळ पुन्हा दाबा. या वेळी 'क' उमटतो. कळ एकच, बोटही तेच, पण अक्षरे दोन! मग कळफलकाने संगणकाला नेमके काय पाठवले? 'के' की 'क'?

उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल. त्याने यांतले काहीच पाठवले नाही. कळफलक निरक्षर आहे. त्याला अक्षरे येत नाहीत, फक्त आकडे येतात.

निरक्षर कळफलक

कळांच्या खाली बारीक वाहकांची आडवी-उभी जाळी असते. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेघ एकमेकींना जोडली जाते. कळफलकातील एक छोटी चिप ही जाळी सतत तपासत असते. कोणता सांधा जुळला हे कळताच ती त्या जागेचा ठरलेला आकडा तारेतून पाठवते.

हे आकडे कोणी ठरवले? आयबीएम कंपनीच्या १९८४ सालच्या पीसी-एटी या संगणकापासून चालत आलेल्या पद्धतीत 'के' च्या कळीचा आकडा ६६ आहे. बोट उचलले की कळफलक २४० आणि मग पुन्हा ६६ पाठवतो. २४० चा अर्थ 'पुढची कळ सुटली'. सुटल्याची वर्दी कशाला हवी, असे तुम्ही विचाराल. शिफ्टची कळ आठवा. ती अजून दाबलेली आहे की सोडली, हे कळल्याखेरीज मोठे अक्षर काढायचे की लहान, हे कसे ठरणार?

पुढे मुख्य फलकावर एक नियंत्रक असतो. मूळची ती इंटेलची ८०४२ क्रमांकाची चिप. आता तिचे काम मोठ्या चिपच्या पोटात सामावले आहे. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीचे आकडे वेगळे होते. जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून हा नियंत्रक नव्या आकड्याचे जुन्यात भाषांतर करतो. त्यामुळे ६६ चा होतो ३७. कळ सुटली की त्यात १२८ मिळवले जातात: ३७ + १२८ = १६५.

यूएसबी कळफलकाची तऱ्हा निराळी. त्याच्या कोष्टकात 'ए' ला ४, 'बी' ला ५ असे आकडे आहेत. मोजत गेलात तर 'के' ला १४ येतो. शिवाय तो आपण होऊन बोलत नाही. जुना कळफलक दारावरची घंटा वाजवल्यासारखा संगणकाचे काम थांबवून लक्ष वेधून घेतो. यूएसबीमध्ये मात्र वर्गातल्या हजेरीसारखा प्रकार असतो. दर काही मिलिसेकंदांनी संगणकच विचारतो, 'काही सांगायचे आहे का?' आणि कळफलक त्या क्षणी दाबलेल्या सर्व कळांची यादी देतो. साध्या पद्धतीत ही यादी ८ बाइटांची असून तिच्यात शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या कळांखेरीज एका वेळी ६ कळा मावतात.

कर्नल आणि ड्रायव्हर

म्हणजे एकाच कळीसाठी एकीकडून ३७ येतो, दुसरीकडून १४. या बोली समजून घेणारा दुभाषा हवा. त्यालाच म्हणतात ड्रायव्हर. हा गाडी हाकत नाही. एखाद्या विशिष्ट उपकरणाशी कसे बोलायचे, हे जाणणारा तो प्रोग्रॅमचा तुकडा असतो. आणि तो जिथे नांदतो तो कर्नल. सैन्यातला कर्नल नव्हे बरे! बदामाच्या कवचाआड जसा गर, तसा संगणकाच्या कार्यप्रणालीचा हा गाभा. स्मृती कोणाला द्यायची, चकतीवर काय लिहायचे, कोणत्या प्रोग्रॅमची पाळी, हे सारे तोच ठरवतो.

लिनक्स या कर्नलमध्ये जुन्या कळफलकाचा ड्रायव्हर वेगळा आणि यूएसबीचा वेगळा. पण दोघेही वरच्या मजल्यावर एकच आकडा पोचवतात: 'के' साठी ३७. दोन बोलींचा निकाल असा एका आकड्यात लागतो.

हेलसिंकीतली एक ओळ

लिनक्सची सुरुवात फिनलंडमध्ये झाली. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याच्या टेबलावरचा कळफलक अर्थातच फिनिश होता आणि कर्नलमधले कोष्टकही फिनिश. दुसऱ्या देशातल्या माणसाने हा कर्नल चालवला तर काही कळांवर भलतीच चिन्हे उमटणार!

डिसेंबर १९९१ च्या ०.११ या आवृत्तीत यावर साधा उपाय होता. एका छोट्या फाइलमध्ये चार ओळी होत्या: अमेरिकन, जर्मन, फ्रेंच आणि फिनिश. फिनिश सोडून बाकी तीन ओळी टिप्पणीच्या खुणांत बंद. तुम्हाला हवी ती ओळ उघडायची, फिनिश बंद करायची आणि कर्नल पुन्हा बांधायचा. कर्नलला कळफलकाविषयी आधीच सांगून ठेवणे, म्हणजे त्याची 'जुळणी' करणे, ते हेच.

हो, नको, की लागेल तेव्हा?

आज अशा प्रश्नांची संख्या हजारोंच्या घरात गेली आहे. 'मेक मेन्यूकॉन्फिग' ही आज्ञा दिली की प्रश्नांची यादी पडद्यावर येते. पुष्कळ प्रश्नांना तीन उत्तरे असतात. 'वाय' म्हणजे हो, हा ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधून टाक. 'एन' म्हणजे नको. आणि 'एम' म्हणजे मोड्यूल: ड्रायव्हर तयार कर, पण वेगळ्या फाइलमध्ये चकतीवर ठेव, लागेल तेव्हा आत घेऊ.

एका कळफलकासाठी एकच 'हो' पुरत नाही, ही गंमत ध्यानात घ्या. यूएसबी कळफलकासाठी आधी यूएसबी नियंत्रकाचा ड्रायव्हर हवा. मग कळफलक, माउस यांसारख्या साधनांची यूएसबीवरची भाषा जाणणारा हवा. त्यावर ती भाषा ३७ सारख्या आकड्यांत उतरवणारा हवा. साखळीतली एक कडी निखळली तरी कळफलक मुका!

मुका झाल्यावर दुरुस्ती कशी करणार? आज्ञा टंकायलाही कळफलकच लागतो. म्हणून नेहमीच्या पीसीसाठी लिनक्सने जुन्या कळफलकाचा प्रश्न चक्क लपवून ठेवला आहे. 'मी तज्ज्ञ आहे' अशी वेगळी निवड केल्याशिवाय तो दिसत नाही आणि उत्तर आपोआप 'हो' धरले जाते.

किल्ली कपाटात, कपाट बंद

आता 'एम' या उत्तरातला धोका पाहू. समजा, एका संगणकाची सारी चकती सांकेतिक लिपीत कुलूपबंद आहे. सुरू होताना तो परवलीचा शब्द विचारतो. तो टंकायला कळफलक हवा, त्यासाठी ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर मोड्यूल म्हणून ठेवला आहे त्याच कुलूपबंद चकतीवर! किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेतल्यासारखे झाले. चकती शाबूत, शब्दही पाठ, पण आत जाता येत नाही.

अशा वेळी लोक आणखी एका गोष्टीने गोंधळतात. थोड्याच वेळापूर्वी, कर्नल निवडायच्या यादीत, याच कळफलकाच्या बाणांच्या कळा चालत होत्या. मग आता काय बिघडले? काहीच नाही. त्या वेळी मुख्य फलकावरच्या मूळ प्रोग्रॅमचा स्वतःचा दुभाषा काम करत होता. कर्नलने सूत्रे हाती घेताच तो निघून गेला आणि त्याच्या जागी दुसरा आलाच नाही.

यावर उपाय दोन. ड्रायव्हर 'वाय' म्हणून आतच बांधावा, किंवा कर्नलबरोबर स्मृतीत येणाऱ्या एका छोट्या गाठोड्यात तो भरून द्यावा. इनिट-रॅम-एफएस नावाचे हे गाठोडे म्हणजे प्रवासाची शिदोरी. मोठे सामान हाती येईपर्यंत लागणारे सारे काही त्यात हवे.

मग सगळ्यालाच 'हो' का म्हणू नये? घरातल्या वाय-फाय राउटरमध्येही अनेकदा लिनक्सच असतो, पण त्याला कळफलक कोण जोडणार? तिथे स्मृती थोडी, आणि प्रत्येक अनावश्यक ड्रायव्हर म्हणजे जास्तीची जागा, शिवाय चोराला आणखी एक खिडकी.

३७ चा 'क' कधी होतो?

सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. कर्नलमधून ३७ निघाला तरी अजून अक्षर झालेले नाही. खिडक्यांच्या चित्रमय पडद्यावर ते काम कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम करतात. तिथे इंग्रजीचे कोष्टक लावले असेल तर ३७ चा 'के' होतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्टचे कोष्टक लावले असेल, तर त्याच ३७ चा 'क' होतो आणि शिफ्टसह 'ख'. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक २३२५. म्हणजे ६६ किंवा १४ पासून निघालेला आकडा ३७ वरून २३२५ पर्यंत पोचतो, तेव्हा कुठे आपल्याला 'क' दिसतो. मराठीसाठी वेगळा ड्रायव्हर किंवा वेगळा कळफलक लागत नाही, ही त्या निरक्षरपणाचीच देणगी!

करून पाहा

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर शिक्षकांच्या मदतीने कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबून अक्षरांचा साधा पडदा उघडा. व्यवस्थापकाच्या अधिकाराने 'शोकी' ही आज्ञा द्या. पहिल्याच ओळीत २८ ही कळ सुटल्याची नोंद दिसेल. घाबरू नका, आज्ञा देताना दाबलेली एंटरची कळ तुम्ही नुकतीच सोडली, तिचीच ती वर्दी. आता 'के' दाबा: ३७ दाबली, ३७ सुटली. बाकीच्या कळांचे आकडे वहीत मांडा. दहा सेकंद काही दाबले नाही, की प्रोग्रॅम आपोआप थांबतो.

आणि जाता जाता एक प्रश्न. एका लॅपटॉपवर चकतीचे कुलूप उघडताना त्याचा स्वतःचा, जुन्या पद्धतीने जोडलेला कळफलक चालतो. बाहेरून लावलेला यूएसबी कळफलक मात्र त्या वेळी मुका असतो. शब्द टंकून संगणक पुरता सुरू झाला, की तोही चालू लागतो. कोणती कडी कुठे ठेवलेली असेल? उत्तर शोधण्याइतकी सामग्री आता तुमच्याजवळ आहे.