पाच रुपयांतले तीन

तीर्थयात्रेला माणूस काहीतरी मिळवायला जातो, अशी आपली समजूत. रमण महर्षींच्या बाबतीत हा क्रम उलटा होता. मिळायचे ते घरातच मिळाले, यात्रा मागाहून घडली.

जुलै १८९६. मदुराईत काकांच्या घरी माडीवर १६ वर्षांचा वेंकटरामन, म्हणजे पुढचे रमण महर्षी, एकटाच बसला होता. आजार कसलाच नव्हता, पण एकाएकी मरणाची भीती दाटून आली. कुणाला हाक न मारता तो आडवा झाला, प्रेतासारखे हातपाय ताठ केले, ओठ मिटले, श्वास रोखला. देह मेला, पण म्हणून मीही मेलो का, असे त्याने स्वतःलाच विचारले. उत्तर तर्काने आले नाही, थेट जाणवले. ती भीती पुन्हा त्याच्या वाटेला गेली नाही. ना गुरू, ना दीक्षा. एका शाळकरी पोराने भीतीला पाठ दाखवली नाही, हे मला या कथेत सर्वांत मोलाचे वाटते.

पुढे अभ्यासात त्याचे मन लागेना. मीनाक्षीच्या देवळात तो नायन्मार संतांच्या मूर्तींपुढे रोज उभा राही, डोळे झरत. २९ ऑगस्टला थोरल्या भावाने टोकले : असे वागणाऱ्याला पुस्तके कशाला हवीत? बोल खरा होता, तो वर्मी बसला. भावाच्या कॉलेजची फी भरायला म्हणून ५ रुपये हाती आले होते. त्यातले ३ घेतले, २ निरोपाच्या चिठ्ठीसोबत ठेवले. चिठ्ठीखाली सही नाही, नुसती एक रेघ.

जायचे होते तिरुवण्णामलैच्या अरुणाचल डोंगराकडे. जुना नकाशा पाहून त्याने तिंडिवनमचे तिकीट काढले, २ रुपये १३ आणे. डब्यातल्या एका मौलवींनी सांगितले, तिरुवण्णामलैला जायचे तर विल्लुपुरमला गाडी बदल. उरलेल्या आण्यांत मांबळपट्टूपर्यंतच जाता आले, तिथून पायपीट. किळूरला गोकुळाष्टमीच्या दिवशी एका भागवतरांच्या घरी पोटभर जेवण मिळाले. कानातल्या सोन्याच्या कुड्या त्यांच्याकडे ४ रुपयांना गहाण ठेवल्या. गहाणाची पावती त्याने वाटेतच फाडून टाकली, कारण सोडवायला परत यायचेच नव्हते. आपला वारकरी पंढरीहून घरी परततो, पुढच्या आषाढीची वाट पाहतो. इथे तसे काही नव्हते.

१ सप्टेंबरच्या सकाळी तो तिरुवण्णामलैच्या अरुणाचलेश्वर मंदिराच्या गाभाऱ्यात थेट जाऊन उभा राहिला. मग मुंडण केले, उरलेले पैसे आणि जानवे टाकून दिले, धोतर फाडून लंगोटी केली. त्यानंतर १४ एप्रिल १९५० रोजी देह ठेवेपर्यंत त्यांनी अरुणाचलाचा परिसर सोडला नाही.

१८९८ मध्ये आई अळगम्माळ त्यांना न्यायला आली. रडली, विनवण्या केल्या, पण मुलगा हलला नाही. १९१६ मध्ये ती स्वतःच तिथे राहायला आली, मुलाच्या भक्तांसाठी रांधू लागली. १९२२ मध्ये ती गेली आणि डोंगराच्या पायथ्याशी तिची समाधी बांधली गेली. आजचा रमणाश्रम त्या समाधीभोवती वाढला आहे.