69 बळींचा हिशेब

हर्ष दुबेचे 69 बळी नागपूरच्या नंदनवनातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. 2024-25च्या रणजी हंगामात विदर्भाच्या या डावखुऱ्या फिरकीपटूने बिहारच्या आशुतोष अमनचा 68 बळींचा विक्रम मोडला. त्याआधी हा विक्रम 1974-75मध्ये दिल्लीकडून 64 बळी घेणाऱ्या बिशनसिंग बेदींच्या नावावर होता. मग या तिघांत मोठा कोण? नुसते बळी मोजले तर हर्ष. पण त्याचे सामने 10, उरलेल्या दोघांचे 8-8. एका बळीमागे दिलेल्या धावांची सरासरी पाहिली तर हर्षची 16.98, बेदींची 8.53 आणि अमनची 6.48, म्हणजे क्रम बदलतो आणि हर्ष थेट शेवटी! माझ्या मते दोन्ही क्रम अपुरे आहेत. गोलंदाजाचा आकडा एकटा बोलत नाही. त्याच सामन्यांत, त्याच खेळपट्ट्यांवर इतरांना एकेक बळी कितीला पडला, हे शेजारी मांडल्यावरच त्याला अर्थ येतो.

बेसबॉलवाल्यांनी हे फार आधी ओळखलं. तिथे चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून नऊ डावांमागे त्याने किती धावा दिल्या यावर त्याची किंमत ठरते. 1968मध्ये बॉब गिब्सनने दिल्या अवघ्या 1.12, 2000मध्ये पेद्रो मार्टिनेझने 1.74. गिब्सन सरस वाटतो. पण 1968 हे वर्षच पिचरांचं होतं, गिब्सनच्या लीगची सरासरी तीनच्या आत होती. पुढच्याच वर्षी फेकण्याचा उंचवटा 15 इंचांवरून 10 इंचांवर आणावा लागला. पेद्रोच्या काळी फलंदाज मोकाट सुटले होते, सरासरी पाचला टेकली होती. या तुलनेत पेद्रो थोडा का होईना, पुढेच निघतो.

हीच फूटपट्टी नागपूरच्या जामठा मैदानावर लावू. तिथल्या 2018-19च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाने 312 आणि 200 धावा केल्या, सौराष्ट्राने 307 आणि 127. अवांतर धरून 946 धावा, 40 बळी. त्यांतले 11 विदर्भाच्या आदित्य सरवटेने 157 धावांत घेतले, म्हणजे एक बळी साधारण 14 धावांना. उरलेले 29 बळी पडले प्रत्येकी 27 धावांना. खेळपट्टी सगळ्यांना तीच होती, तरी सरवटेचा बळी जवळपास निम्म्या भावात पडला.

यावर कोणी म्हणेल, त्या 11 बळींत सौराष्ट्राचा चेतेश्वर पुजारा दोनदा आहे, 1 आणि 0 धावांवर; तो आणि शेपटाचा फलंदाज एका तागडीत कसे? आक्षेप खरा आहे. अमनचे बळी प्लेट गटातले, तुलनेने कच्च्या संघांविरुद्धचे, हेही सरासरी सांगत नाही. पण त्यावरचा उपाय आकडे सोडणं नव्हे, वाढवणं आहे: समोरच्या संघाने हंगामभर एका बळीमागे किती धावा केल्या, तेही जोडा. झेल सुटले, दडपण होतं, हे कोणत्याच रकान्यात मावत नाही, हे मात्र मान्य. तेवढ्यासाठी सामना डोळ्यांनीच बघावा लागतो.

म्हणून क्लबच्या स्कोअररना विनंती, जुन्या वह्या रद्दीत घालू नका. गोलंदाजाच्या बळींशेजारी दोन्ही संघांच्या एकूण धावा आणि बळीही लिहून ठेवा.